भाऊसाहेबांची शाळा आणि घरचा अभ्यास

पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. संध्याकाळी फिरायला आलेली माणसे तिच्या आजूबाजूला बसतात, मुले वाळूत खेळतात, पर्यटक फोटो काढतात आणि बस पकडून निघून जातात. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री एवढी ओळख बहुतेकांना असते. आमच्या घरात मात्र हे नाव आधी ऐकले ते मुख्यमंत्री म्हणून नव्हे. आमच्या आईच्या तोंडी आपल्या शाळेचे नाव सरकारी प्राथमिक विद्यालय असे कधी आलेच नाही. ती कायम भाऊंची शाळा असेच म्हणत आली. लहानपणी आम्हांला वाटायचे की हे भाऊ म्हणजे आईचेच कोणीतरी भाऊ असणार, आणि मग ते चवथीला आपल्याकडे का येत नाहीत, असा प्रश्न पडायचा.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म 12 मार्च 1911 रोजी पेडण्यात झाला. त्याच्या पाचच महिने आधी, ऑक्टोबर 1910 मध्ये, पोर्तुगालमधली राजेशाही संपून तिथे प्रजासत्ताक आले होते. त्यामुळे गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले आणि ठिकठिकाणी खाजगी मराठी शाळा, वाचनालये, नाट्यमंडळे उभी राहू लागली. पणजीच्या मुष्टिफंड शाळेच्या नावातच तो काळ दिसतो. घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची ती कल्पना. पण पेडणे म्हणजे काही पणजी नव्हे. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. पेडणे, डिचोली, सत्तरी हे भाग पोर्तुगीजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. इथली देवळे राहिली, देवळांचे हिशेब मराठीत राहिले, श्रावणातली पोथी राहिली, दशावतार राहिला. मराठी कानावर होती. ती पाटीवर उतरवायची सोय मात्र मोजक्याच घरांत होती.

ती सोय कशी असे, ते जुन्या लोकांकडून आम्ही पुष्कळ ऐकले आहे. एखादे खाऊनपिऊन सुखी घर एक मास्तर ठेवी. तो बहुधा तेरेखोल ओलांडून सावंतवाडीच्या बाजूने आलेला असे. जेवण आणि झोपायला ओटीची एक बाजू एवढ्यावर तो राही आणि त्या घरच्या मुलांना शिकवी. फळीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवायची, मग कित्ता, मग पाढे. पाढे म्हणजे नुसते दोन ते तीस नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सगळे तोंडपाठ. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचे, शुभंकरोति झाले की परवचा. आज शाळांतून घरी करायचे रोजचे उपक्रम म्हणून जे काही पाठवतात, त्याचे हे मूळ म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की ते ज्या घरी होई त्या घरी होई. कुळाच्या, मुंडकाराच्या, पाडेल्याच्या पोराला त्या ओटीवर जागा नसे. फार तर अंगणात काम करता करता पाढे कानावर पडत. आमचे पणजोबा असेच नांगराची मूठ धरून पाऊणकी म्हणायचे, असे घरात सांगतात. त्यांना अक्षर एकही येत नव्हते.

भाऊसाहेबांचा जन्म गोमंतक मराठा समाजातला. तेव्हाच्या समाजव्यवस्थेत हा समाज वरच्या पायरीवर नव्हता, आणि आपल्या मुलांना शिकवल्याशिवाय गत्यंतर नाही हे त्या समाजातल्या जाणत्यांनी फार लवकर ओळखले होते. स्वतः भाऊसाहेबांच्या नावापुढे मोठ्या पदव्या लागल्या नाहीत. त्यांनी नाव आणि पैसा कमावला तो धंद्यात, आणि तोही खाणीच्या धंद्यात. 1950 नंतर जपानला लोहखनिज जाऊ लागले आणि गोव्याचे डोंगर एकदम मोलाचे झाले. डिचोली तालुक्यात तर वेळगे, सुर्ल, पाळी, शिरगाव या गावांचे रूपच पालटले. खाणमालक पुष्कळ झाले. भाऊसाहेबांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते कमावलेले हातचे सोडण्यामुळे. राजकारणात पडण्याच्या आधीपासून देवळे, शाळा, नाटकवाले, गरीब विद्यार्थी यांना त्यांची मदत होत असे. दाराशी आलेला माणूस रिकामा जात नाही ही त्यांची ख्याती पुढे निवडणुकीत कामाला आली, हे खरेच आहे. पण ती निवडणुकीसाठी मिळवलेली नव्हती, कारण ती मिळवली तेव्हा गोव्यात निवडणुका होतील असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. त्या वेळी साधारण तीन माणसांत एकाला लिहितावाचता येत होते, आणि नव्या काबिजादींच्या खेड्यांत त्याहूनही कमी. डिसेंबर 1963 मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सर्वांत जास्त जागा जिंकल्या. गंमत म्हणजे पक्षाचे नेते असूनही भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीला उभे नव्हते. 20 डिसेंबर 1963 रोजी त्यांनी मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली आणि नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले. गोवा, दमण आणि दीव हा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. हाती सत्ता बेताची, नोकरवर्ग अर्धा पोर्तुगीज वळणाचा, अर्धा बाहेरून आलेला. मुख्यमंत्र्याला पोर्तुगीज कायद्यांची किचकट भाषा समजून घेऊन कारभार करायचा होता.

आम्ही स्वतः सरकारी नोकरीत वीस वर्षे काढली आहेत. एखादे काम करायचे नसेल तर त्याला किती कारणे सापडतात हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. इमारत नाही, शिक्षक नाहीत, पटसंख्या पुरेशी नाही, निधीची तरतूद नाही. 1964 साली पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या एखाद्या वाड्यावर शाळा काढायची म्हटले तर ही चारही कारणे खरी होती. भाऊसाहेबांच्या सरकारने ती बाजूला ठेवली आणि आधी शाळा, मग इमारत, अशी उलटी रीत धरली. देवळाचा सभामंडप मिळाला तर सभामंडपात, नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर, भाड्याच्या खोलीत, मांगरात शाळा भरू लागली. शिक्षक कमी पडले तेव्हा सीमेपलीकडच्या, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिकलेल्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या. त्यातले कितीतरी इथेच राहिले, इथेच संसार केले, इथेच निवृत्त झाले. मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा गावोगाव पोहोचली.

मोठ्या गावात एकच चांगली शाळा बांधली असती तर खर्चही कमी झाला असता आणि कागदावरही ते नेटके दिसले असते. असा हिशेब कोणी मांडला तर तो चूक म्हणता येणार नाही. पण पेडण्यातला पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वाड्यावाड्यावर शाळा का लागली ते सांगावे लागत नाही. हणखणे, इब्रामपूर, चांदेल, हसापूर किंवा डिचोलीतले लाटंबार्से, कुडचिरे अशा गावांत जूनपासून ओहोळ भरून वाहतात. सहा वर्षांचे मूल, त्यातून मुलगी, दोन ओहोळ ओलांडून कोणी शाळेत धाडणार नाही. शाळा हाकेच्या अंतरावर असेल तरच मुलगी शाळेत जाईल, हे ओळखायला पदवी लागत नाही. पेडण्यात लहानाचे मोठे झालेल्या माणसाला ते आपोआप कळले असावे, असे आम्हांला वाटते.

आमची आई 1964 च्या जूनमध्ये अशाच एका शाळेत पहिलीत बसली. सात वर्षांची होती. सभामंडपात घोंगडे अंथरून चार वर्ग एकाच मास्तरांपुढे. देवाचा कौल असेल किंवा जत्रा असेल त्या दिवशी शाळेला सुट्टी, कारण देवाला जागा हवी.

शाळेचे चार-पाच तास संपले की पुढे काय, हा खरा प्रश्न होता. आईच्या घरी अक्षर ओळखणारे कोणीच नव्हते. मास्तरांनी घरी करायला दिलेला अभ्यास बघणार कोण? तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या आजोबांना, पाटीवरचे बरोबर की चूक ते कळत नसे. त्यांनी आपली एक युक्ती काढली होती. संध्याकाळी शेतातून आले की ते पाटी हातात घेत, अक्षरे सगळी सारख्या उंचीची आहेत का ते पाहत, आणि एखादे वेडेवाकडे दिसले की तेवढे पुसून परत काढायला लावत. भाताच्या तरव्याची ओळ सरळ हवी तशी ही ओळ सरळ हवी, एवढेच त्यांचे शास्त्र. आईचे अक्षर आजही छापल्यासारखे आहे. पाढे गुरे राखताना पाठ व्हायचे. बरोबरची मुले आळीपाळीने म्हणत, चुकला त्याने गुरे वळवायला जायचे. बेरीज-वजाबाकी काजूच्या बियांवर. हातखर्चाचा हिशेब पोदेराकडच्या पावांवर.

वाचनाचा सराव वेगळ्याच वाटेने झाला. श्रावणात घरात पोथी लावायची तर आतापर्यंत कोणीतरी वाचणारा बोलवावा लागे. त्याचा मान, त्याची सोय, त्याची वेळ सांभाळावी लागे. आई तिसरीत गेली त्या वर्षी आजीने शिवलीलामृत तिच्यासमोर ठेवले. ओव्या अडखळत वाचल्या गेल्या, अर्थ कोणालाच धड लागला नसेल, पण घरच्या मुलीने घरच्या देवापुढे घरची पोथी वाचली. आजी त्या दिवशी रडली म्हणतात. त्यानंतर वाड्यावरच्या मुंबईला असलेल्या माणसांना पत्रे लिहायचे काम आईकडे आले. येणारी पत्रे वाचून दाखवायचे कामही तिचेच. दहा वर्षांच्या मुलीला वाड्यावरच्या प्रत्येक घरातली भांडणे, उसनवारी, आजारपणे ठाऊक झाली. ती एवढी जबाबदारीची गोष्ट होती की त्यापुढे मास्तरांचा गृहपाठ काहीच नव्हता. आणि मग चौथीत असताना आईने आजीला सही शिकवली. चुलीपुढच्या राखेत, बोटाने. पुढे रेशनकार्डावर आजीचा अंगठा नाही, सही आहे.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. आमच्या वयाच्या कोणत्याही पेडणेकराच्या किंवा डिचोलकराच्या घरी थोड्याफार फरकाने हीच ऐकायला मिळेल. पूर्वी घरातून मूल शिकत असे. या पिढीत मुलाकडून घर शिकले.

हे सगळे नुसत्या शाळा काढल्याने झाले नसते. मुलगा गुरांमागे गेला नाही तर भाटकार रागावेल, जमीन काढून घेईल, ही भीती घरात असेपर्यंत बाप मुलाला शाळेत पाठवत नाही. 1964 सालीच भाऊसाहेबांच्या सरकारने कूळ कायदा केला आणि कसणाऱ्याला संरक्षण दिले, खंडाला मर्यादा घातली. इतिहास लिहिणारे शाळा एका प्रकरणात घालतात आणि कूळ कायदा दुसऱ्या. आमच्या मते ते एकच प्रकरण आहे.

भाऊसाहेबांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी हार आपल्या वाचकांना सांगायला नको. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा हे त्यांच्या पक्षाचे ध्येय होते. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने त्याआधी सत्ता सोडली. 16 जानेवारी 1967 रोजी कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल होती, वेगळे राहण्याची दोन पाने. फुलाला 1,38,170 मते पडली, दोन पानांना 1,72,191. चौतीस हजार एकवीस मतांनी विलीनीकरण हरले. असा निकाल लागला की माणूस राजकारणातून उठतो. पण त्यानंतर काही आठवड्यांतच विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी भाऊसाहेबांनाच पुन्हा निवडून दिले. 5 एप्रिल 1967 रोजी ते परत मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात जायचे नाही, पण मुख्यमंत्री भाऊच हवेत, असे म्हणणारे मतदार थोडे नव्हते. यात विसंगती दिसेल, पण लोकांच्या मनात ती नव्हती.

भाषेवरून त्यांच्यावर टीका झाली आणि अजून होते. कोकणी ही घरची भाषा असताना शाळा मराठीतून का, हा प्रश्न काही खोटा नाही. पेडण्याचे मूल घरी उदक म्हणते आणि शाळेत पाणी, घरी सुणे आणि शाळेत कुत्रा. आई सांगते, पहिले वर्षभर मास्तर काय बोलतात ते अर्धे समजत नसे. पण तिच्या बापाने, मास्तरांनी किंवा तिने स्वतः कधी या दोन भाषांत भांडण पाहिले नाही. बोलायची एक, वाचायची एक, पोथीची आणि दशावताराचीही तीच दुसरी. हा वाद मोठमोठ्या माणसांनी मोठमोठ्या सभांत घातला. आमचे मत मराठीकडे झुकते आहे हे आम्ही लपवत नाही, पण कोकणीचा अभिमान बाळगणाऱ्यांना आम्ही परके मानत नाही. आमच्या घरातच दोन्ही पक्ष आहेत.

1972 ची निवडणूकही भाऊसाहेबांनी जिंकली. मधल्या वर्षांत कला अकादमी उभी राहिली. संगीत, नाटक, शिकार, क्रिकेट, फुटबॉल सगळ्यांत त्यांना रस. खेळाच्या मैदानावर मुख्यमंत्री प्रेक्षकांत नव्हे तर खेळाडूंत दिसला तरी लोकांना नवल वाटत नसे. खेड्यातला माणूस मधल्या कोणाला न विचारता थेट त्यांच्यापर्यंत जात असे. ही पद्धत सरकारी कामकाजाला फारशी सोयीची नसते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. फाइलीला तिचा रस्ता असतो आणि मुख्यमंत्र्याने तोंडी दिलेला हुकूम त्या रस्त्यात बसत नाही. त्यांच्या काळातल्या अधिकाऱ्यांची दमछाक झाली असणार. पण सभामंडपात शाळा भरवायला फाइलीचाच रस्ता धरला असता तर आई पहिलीत बसली असती का, हे सांगता येत नाही.

12 ऑगस्ट 1973, रविवार. भाऊसाहेब मुख्यमंत्रिपदावर असतानाच गेले. वय बासष्ट. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. याच शशिकलाताई पुढे 1990 साली शिक्षणमंत्री असताना मातृभाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच सरकारी अनुदान मिळेल असा निर्णय झाला. 2011 मध्ये ते धोरण बदलले आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही अनुदान सुरू झाले. सरकारी नोकराने सरकारी धोरणावर लिहू नये, आम्हीही लिहीत नाही. एवढेच सांगतो की भाऊसाहेबांच्या काळात उघडलेल्या पुष्कळ शाळांना आज कुलूप आहे, कारण मुले उरली नाहीत. काही ठिकाणी इमारत छान रंगवलेली, खिडक्यांना जाळ्या, भिंतीवर बाराखडी, आणि वर्गात तीन-चार मुले. तेव्हा मुले होती आणि इमारत नव्हती.

यात दोष दुसऱ्या कोणाचा म्हणावा? आम्ही स्वतः आमच्या मुलीला इंग्रजी माध्यमात घातले. कारणे जी सगळे देतात तीच दिली. आईने एका शब्दाने विरोध केला नाही. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलगी दुसरी संपवून तिसरीत चालली होती. मग मोबाइलवर रोजचे उपक्रम येऊ लागले. आज घरातल्या वस्तूंची यादी करा, आज पाने गोळा करा, आज आजीआजोबांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारा. आमच्या गावात रेंज मिळायची ती देवळामागच्या टेंबावर. पावसात छत्री धरून तिथे उभे राहायचे, उपक्रम उतरवून घ्यायचे आणि घरी येऊन करवून घ्यायचे. पहिले दोन आठवडे उत्साहाने केले. मग आमचे ऑफिस सुरू झाले, हिचे कामही वाढले, आणि मोबाइल मुलीच्या हाती राहिला.

जूनच्या एका संध्याकाळी घरी आलो तर मोबाइल कपाटावर होता आणि मुलगी आजीपुढे मांडी घालून बसलेली. आईने कुठून तरी जुनी पाटी शोधून काढली होती. आजीला तिच्या लहानपणाविषयी विचारा, हा उपक्रम मुलीने केला असावा, आणि तो संपलाच नव्हता. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर अर्धा तास. कालनिर्णयातली तिथी मोठ्याने वाचायची. दुधाचा हिशेब मुलीने लिहायचा. झाडाखाली पडलेले नारळ मोजायचे आणि चारचे ढीग केले तर किती उरतात ते सांगायचे. आजोबांची ती ओळ सरळ ठेवण्याची कसोटी आईने नातीलाही लावली. नात कुरकुर करायची, मग आजी स्वतः पाटी पुसून पहिले अक्षर काढून दाखवायची.

त्या वर्षी चवथ 22 ऑगस्टला आली. पाहुणे येणार नव्हते, भजन घरच्यांपुरतेच होते. माटोळीला काय काय लागणार याची यादी दरवर्षी आई तोंडी सांगते. त्या वर्षी तिने ती नातीला लिहायला लावली. कांगल्या, घागऱ्या, कवंडळ, आंबाडे, तोरिंग, सुपारीचा घड, नारळाची पेंड. प्रत्येक वस्तू कुठल्या रानात मिळते तेही कंसात. यादीत ऱ्हस्व-दीर्घ सगळे चुकलेले, कवंडळातला ळ उलटा. आईने एकही अक्षर दुरुस्त केले नाही. फक्त ओळी सरळ आहेत का ते पाहिले आणि कागद देवाच्या कपाटात पोथीखाली ठेवून दिला. यंदाच्या माटोळीलाही तोच कागद बाहेर निघाला.